ऑनलाइन कॅसिनोत अडकलेले पैसे: काढायचे कसे, आणि कधी सोडून द्यायचे

ऑनलाइन कॅसिनोत पैसे भरायला अर्धं मिनिट पुरतं. काढायला गेलं की मात्र अटी निघतात, कागद मागितले जातात, ‘प्रोसेसिंग’ चालू राहतं आणि चॅटवर गोड बोलणारा कुणीतरी ‘सर, बस थोडा वेळ’ म्हणत राहतो. नव्याने पैसे भरू पाहणाऱ्यासाठी हा लेख नाही. ज्यांची रक्कम आत अडकली आहे, ज्यांना मुलाच्या नाहीतर भावाच्या मोबाईलमध्ये असं ॲप सापडलं आहे, किंवा ज्यांचं बँकखातं कुठल्याशा परराज्यातल्या पोलिसांच्या सूचनेवरून बंद पडलं आहे, त्यांच्यासाठी आहे.

मी इंदूरमध्ये लोकांची आयकराची कामं करतो. जुलै आला की रामबाग, लोकमान्य नगर, सुदामा नगर या भागांतली आपली मराठी मंडळी स्टेटमेंटची पिशवी घेऊन येतात. अलीकडे त्या स्टेटमेंटांत ‘अमुक ट्रेडर्स’, ‘तमुक किराणा’ अशा नावांना रात्री दीड वाजता गेलेले पाचशे-हजाराचे यूपीआय दिसतात. रात्री दीडला किराणा कोण घेतं, असं विचारलं की उत्तर येण्याआधी समोरच्याची मान खाली जाते.

कायदा काय म्हणतो

संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये ऑनलाइन गेमिंगच्या संवर्धन व नियमनाचा कायदा मंजूर केला आणि २२ ऑगस्टला त्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली. नावात संवर्धन असलं तरी पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर त्यात सरसकट बंदी आहे. रमी कौशल्याची की नशिबाची, हा वर्षानुवर्षं कोर्टात चाललेला वाद या कायद्याने बाजूला सारला: पैसे लावून पैसे मिळवायची आशा असेल, तर दोन्ही सारखेच. असा खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद, एक कोटीपर्यंत दंड किंवा दोन्ही. जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद, पन्नास लाखांपर्यंत दंड. त्यासाठी पैशांची ने-आण करून देणाऱ्यालाही चालवणाऱ्याइतकीच शिक्षा.

नुसतं खेळणाऱ्यासाठी मात्र या कायद्यात शिक्षा नाही. घरातली माणसं याच धाकाने गप्प बसतात म्हणून हे आधीच सांगतो. ‘पोलिसांत गेलो तर आपल्यालाच आत टाकतील’ या भीतीवरच ठगांचा निम्मा धंदा चालतो. राज्यांचे जुगारविषयक कायदे वेगळे आहेत, आणि मध्य प्रदेशात १८६७ चा जुना सार्वजनिक जुगार कायदा राज्याच्या दुरुस्त्यांसह लागू आहे. म्हणून रक्कम मोठी असेल, किंवा तुमच्या खात्यातून दुसऱ्यांचे पैसे फिरले असतील, तर थान्यात जाण्याआधी वकिलाशी बोलून घ्या. फक्त स्वतःचे पैसे बुडाले असतील, तर तक्रार द्यायला बिचकू नका.

आपले पैसे कोणाकडे आहेत, हे आधी ठरवा

पुढचं सगळं यावर अवलंबून आहे. दोन प्रकार आहेत आणि दोन्हींचे रस्ते वेगळे.

पहिला प्रकार देशी कंपन्यांचा. रमी, पोकर, फँटसी क्रिकेट चालवणाऱ्या मोठ्या कंपन्यांनी कायदा होताच पैशांचे खेळ थांबवले आणि शिल्लक रक्कम काढून घ्या, असं ग्राहकांना कळवलं. तिथे पैसे राहिले असतील तर ॲपमध्ये जाऊन केवायसी पूर्ण करायची, स्वतःच्या नावाचं खातं जोडायचं आणि रक्कम मागवायची. अडलं तर कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला ईमेल करायचा. कंपनीला पत्ता आहे, पॅन आहे, संचालक आहेत, त्यामुळे ग्राहक आयोगात जायची वाटही मोकळी आहे.

दुसरा प्रकार परदेशी म्हणवणाऱ्या साइट्सचा. त्यांच्या पानाच्या तळाशी कुरासाओ, माल्टा अशा ठिकाणच्या परवान्याचं चिन्ह असतं. कधी ते खरं असतं, बरेचदा नुसतं चिकटवलेलं. खरं असलं तरी परवाना तिथला. भारतात त्याने काही मिळत नाही. ‘गोव्यात कॅसिनो चालतात मग हे का नाही’ असंही कुणी विचारतं. गोव्यात मांडवीतल्या जहाजांवरचे कॅसिनो त्या राज्याच्या कायद्याखाली त्या जागेपुरते चालतात. त्याचा मोबाईलवरच्या कॅसिनोशी संबंध नाही.

ओळखायची एक खात्रीची खूण माझ्या धंद्यातली आहे. आयकराच्या पोर्टलवर जाऊन आपलं सव्वीस-एएस किंवा एआयएस, म्हणजे तुमच्या पॅनवर कापलेल्या कराचा आणि उत्पन्नाच्या नोंदींचा उतारा, उघडा. त्या कंपनीकडून तुम्ही कधी जिंकलेले पैसे काढले असतील आणि ती देशी असेल, तर तिने टीडीएस कापून तुमच्या पॅनवर जमा केलेला दिसेल. जुन्या आयकर कायद्यात त्यासाठी १९४ बीए हे कलम होतं. हजारोंनी रक्कम जिंकून काढली आणि तिथे एका रुपयाची नोंद नाही, तर समजा की समोर कंपनी नाही, नुसती वेबसाइट आहे.

भरलेले पैसे जातात कुठे

बँका आंतरराष्ट्रीय कार्डावर जुगाराचे व्यवहार व्यापाऱ्याच्या कोडवरून ओळखतात. सट्टा आणि कॅसिनोसाठी ७९९५ हा कोड ठरलेला आहे, त्यामुळे असे व्यवहार बहुतेक वेळा अडतात. शिवाय परकीय चलनाच्या नियमांत लॉटरीची तिकिटं, फुटबॉल पूल, स्वीपस्टेक्स यांसाठी देशाबाहेर पैसे पाठवायलाच मनाई आहे. रिझर्व्ह बँकेच्या ‘उदारीकृत’ योजनेतून (एलआरएस) पैसे बाहेर नेता येतात म्हणून हेही चालेल, हा समज चुकीचा.

मग या साइट्स पैसे घेतात कशा? तुमच्या पडद्यावर एक क्यूआर कोड येतो, किंवा ‘या खात्यात टाका आणि यूटीआर क्रमांक लिहा’ अशी सूचना येते. यूटीआर म्हणजे त्या बँक व्यवहाराचा ओळख क्रमांक. ते खातं दर तासा-दोन तासांनी बदलतं. आज नाव कुणा मोबाईल दुकानाचं, उद्या एखाद्या विद्यार्थ्याचं, परवा शिलाई काम करणाऱ्या बाईंचं. ही भाड्याने घेतलेली खाती. पोलीस आणि बँकवाले त्यांना ‘म्यूल अकाउंट’ म्हणतात. तुमचे पैसे तिथून मिनिटांत पाच-सात खात्यांत फुटतात आणि शेवटी रोखीत किंवा क्रिप्टोत निघून जातात. वेबसाइटवर तुम्हाला दिसणारे ‘१०,००० शिल्लक’ हा कुणीतरी टाइप केलेला आकडा आहे. त्यामागे बँकेत तुमच्या नावाने काहीही ठेवलेलं नसतं.

इंदूरला सट्टा नवा नाही. अफू आणि कापसाच्या वायद्यांत नाव आणि पैसा कमावलेले व्यापारी सर सेठ हुकुमचंद इथलेच. पण त्या बाजारात बुडालेल्यालाही पेढी कुठे आहे हे ठाऊक असायचं. इथे क्यूआर कोडच्या पलीकडे दार नाही.

क्यूआर आणि खातं हे दोन रस्ते झाले. व्हॉट्सॲपवर ‘आयडी’, म्हणजे साइटवर खेळायचं लॉगिन, देणारा एजंट हा तिसरा रस्ता. हा बहुधा ओळखीतलाच कुणीतरी असतो, म्हणून लोक विश्वास टाकतात. त्याच्याकडून कोणतीही पावती मिळत नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये केंद्र सरकारने महादेव बुक या सट्ट्याच्या ॲपसह २२ ॲप आणि साइट्स बंद केल्या. महादेवचा धंदा याच आयडी आणि ‘पॅनल’च्या, म्हणजे एजंटांच्या शाखांच्या, साखळीवर उभा होता. साखळी तुटते तेव्हा खालचा एजंट फोन बंद करतो. चौथा रस्ता क्रिप्टोचा, यूएसडीटी हे डॉलरशी जोडलेलं क्रिप्टो विकत घेऊन त्यांच्या वॉलेटला पाठवायचा. एकदा पाठवलं की बँक, यूपीआय, कुणीही ते परत फिरवू शकत नाही.

बोनस: रक्कम अडकते ती इथे

‘दहा हजार भरा, दहा हजार बोनस मिळवा.’ याच्या खाली बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं: तीस पट वेजरिंग. म्हणजे काय, ते कागदावर मांडू.

अट फक्त बोनसच्या रकमेवर असेल, तर दहा हजार गुणिले तीस, म्हणजे तीन लाख रुपयांच्या पैजा लावल्याशिवाय पैसे काढता येणार नाहीत. स्लॉट मशीनचा परतावा ९६ टक्के धरला, आणि हा उदार अंदाज झाला, तर प्रत्येक शंभर रुपयांच्या पैजेमागे सरासरी चार रुपये कॅसिनोकडे जातात. तीन लाखांवर चार टक्के म्हणजे बारा हजार. बोनस दहा हजारांचा, आणि तो ‘मोकळा’ करण्याचा सरासरी खर्च बारा हजार. अट ठेव आणि बोनस या दोन्हींवर असेल, तर पैजांची रक्कम सहा लाख होते आणि सरासरी तोटा चोवीस हजार. खिशात एकूण वीसच होते! म्हणजे बहुतेकांचे पैसे अट पुरी व्हायच्या आतच संपतात, आणि ते तसे संपावेत म्हणूनच ही अट घातलेली असते.

त्यात आणखी कलमं असतात. रूलेट, ब्लॅकजॅक यांच्या पैजा दहा टक्केच धरल्या जातात, म्हणजे हजाराची पैज लावली तर अटीत शंभरच जमा. एका वेळची पैज ठरावीक रकमेपेक्षा मोठी झाली तर सगळी जिंकलेली रक्कम रद्द. मुदत सात दिवस. एकच शून्य असलेल्या रूलेटमध्ये कॅसिनोचा वाटा २.७ टक्के असतो आणि दोन शून्यं असलेल्यात ५.२६, तेव्हा ‘मी रूलेटवर हळूहळू पूर्ण करतो’ म्हणणाऱ्याचं गणितही जमत नाही. ब्रिटनच्या नियामकाने या वेजरिंगवर दहा पटींची कमाल मर्यादा घातली आहे. आपल्याकडे व्हॉट्सॲपवरून येणाऱ्या साइट्सवर चाळीस-पन्नास पटही दिसतात.

काढायला बसताना

सर्वांत आधी खेळणं आणि भरणं, दोन्ही थांबवा. ‘अजून थोडे टाकले की अट पूर्ण होते’ हा हिशेब वर दाखवलाच.

मग पुरावे गोळा करा, आणि ते पैसे मागायच्या आधी. एकदा मागणी केली की खातं बंद केलं जाण्याची शक्यता असते आणि मग हाती काही राहत नाही. शिल्लक, व्यवहारांची यादी, तुमचा आयडी, साइटचा पूर्ण पत्ता, अटींचं पान, एजंटशी झालेलं बोलणं या सगळ्यांचे स्क्रीनशॉट घ्या. पडद्यावरची वेळ आणि तारीख त्यांत दिसू द्या. बँकेच्या संकेतस्थळावरून स्टेटमेंट पीडीएफमध्ये उतरवा आणि प्रत्येक जमेसमोर तिचा यूटीआर क्रमांक लिहून एक तक्ता बनवा: तारीख, वेळ, रक्कम, कोणत्या खात्याला किंवा यूपीआय आयडीला, यूटीआर. कंटाळवाणं काम आहे. पण पुढे पोलीस, बँक, आयकर तिघेही हाच तक्ता मागतात. मूळ चॅट मोबाईलमधून पुसू नका. कोर्टात इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र लागतं आणि ते मूळ उपकरणाशी जोडलेलं असतं.

यानंतर बोनस पाहा. बहुतेक साइट्सवर ‘रोख’ आणि ‘बोनस’ असे दोन आकडे वेगळे असतात. बोनस सोडून देण्याची सोय असेल तर सोडून द्या. त्याबरोबर त्यातून जिंकलेलं जाईल, पण स्वतःच्या पैशांतलं उरलेलं बरेचदा सुटतं. चॅटवर न विचारता ईमेलने विचारा: ‘माझी काढता येण्याजोगी रक्कम किती, कोणत्या अटीमुळे उरलेली अडली आहे, ते कलम दाखवा.’ चॅटवरचं उत्तर दुसऱ्या दिवशी गायब होतं.

केवायसीत काळजी घ्या. देशी कंपनीला पॅन आणि आधार द्यावं लागतं. परदेशी साइटला द्यायचं की नाही हा तुमचा निर्णय, पण द्यायचंच झालं तर आधार देणाऱ्या युआयडीएआयच्या संकेतस्थळावरून शेवटचे चारच अंक दिसणारं आधार काढून द्या. कार्डाच्या मागच्या बाजूचा फोटो, नेटबँकिंगचा पासवर्ड, ओटीपी किंवा पडदा शेअर करायचं ॲप मागितलं तर तिथेच थांबा. कागद आधीच देऊन बसला असाल, तर आपला क्रेडिट रिपोर्ट काढून पाहा. प्रत्येक संस्थेकडून तो वर्षातून एकदा फुकट मिळतो, आणि तुमच्या नावावर कुणी कर्ज उचललं असेल तर त्यात दिसेल.

मागणी केल्यावर ती ‘पेंडिंग’ दिसते, आणि बाजूलाच मागणी रद्द करून पुन्हा खेळायचं बटण असतं. रक्कम मुद्दाम एक-दोन दिवस लटकती ठेवायची म्हणजे रात्री माणूस स्वतःच ती परत आत ओढतो. ही युक्ती इतकी उघड आहे की ब्रिटनने २०२० मध्येच ती थांबवायला लावली. बटण दाबू नका. शक्य असेल तर त्या दोन दिवसांत फोन घरातल्या कुणाकडे द्या.

पैसे आले, तर पाठवणाऱ्याचं नाव वाचा. कंपनीच्या नावाने, आधी ज्या खात्यातून भरले त्याच खात्यात आले तर ठीक. पण पाठवणारा कुणी अनोळखी माणूस असेल, तर ती रक्कम पुढे कुणाला पाठवू नका, खर्चू नका आणि दुसरा हप्ता त्या मार्गाने घेऊ नका. का, ते खात्यांच्या भागात येईल.

आणि स्पष्ट सांगायचं तर, परदेशी साइटवर दोन-तीन हजार अडकले असतील तर ते सोडून द्या. त्या रकमेसाठी कागद देणं, अनोळखी खात्यातून पैसे घेणं आणि पगाराचं खातं धोक्यात घालणं परवडत नाही. पुरावे ठेवा, तक्रार नोंदवा आणि विषय संपवा.

‘आधी टॅक्स भरा’

तुमचे दोन लाख तयार आहेत, फक्त ३० टक्के कर आधी जमा करा, असा निरोप आला की ते दोन लाख कधी अस्तित्वातच नव्हते असं समजा. भारतात जिंकलेल्या रकमेवरचा कर देणारा त्या रकमेतून कापून घेतो. करदात्याने वेगळा कर भरलाच, तर तो आयकराच्या पोर्टलवर चलन काढून सरकारकडे भरतो, कुणा ट्रेडर्सच्या यूपीआयवर नाही. यात अपवाद नाही.

याचेच भाऊबंद: ‘खातं अपग्रेड शुल्क’, ‘मनी लाँडरिंग क्लिअरन्स’, ‘जीएसटी डिपॉझिट’, ‘नाव चुकलं म्हणून दंड’. जीएसटी होता हे खरं. ऑक्टोबर २०२३ पासून भरलेल्या पूर्ण रकमेवर २८ टक्के, आणि सप्टेंबर २०२५ च्या फेररचनेत असल्या गोष्टी ४० टक्क्यांच्या टप्प्यात गेल्या. पण तो पैसे भरताना कंपनीने सरकारला द्यायचा असतो, काढताना ग्राहकाकडून नाही. आणि पैसे मिळवण्यासाठी यूपीआय पिन कधीच टाकावा लागत नाही. पिन टाकला की तुमचे जातात.

एकदा फसलेल्याचा नंबर पुढे विकला जातो. मग टेलिग्रामवर ‘सायबर रिकव्हरी एक्स्पर्ट’ येतो, कधी गणवेशातला फोटो लावून, आणि फी घेऊन पैसे परत आणून देतो म्हणतो. हा त्याच टोळीचा दुसरा माणूस असतो, किंवा दुसऱ्या टोळीचा पहिला.

तक्रार कशी करायची

पहिला फोन १९३० वर. हा राष्ट्रीय सायबर फसवणूक मदत क्रमांक आहे. इथे नोंद होताच पैसे ज्या बँकेत पोचले तिला सूचना जाते आणि तिथे जेवढं शिल्लक असेल तेवढं अडवलं जातं. म्हणून पहिला तास-दोन तास मोलाचे. पैसे आठ दिवसांपूर्वी गेले असतील तरी तक्रार करा, फक्त परत मिळण्याची आशा त्या मानाने ठेवा.

फोन लावताना वरचा तक्ता समोर असू द्या. ज्यातून पैसे गेले ते खातं, यूटीआर, रक्कम, वेळ, समोरचा यूपीआय आयडी एवढं विचारतात. नोंद झाल्यावर मिळणारा पोच क्रमांक जपा, आणि शक्यतो २४ तासांच्या आत सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या पोर्टलवर पूर्ण तक्रार भरा. नंतर जवळच्या थान्यात किंवा शहराच्या क्राइम ब्रँचच्या सायबर सेलमध्ये प्रत द्या. ‘हे आमच्या हद्दीत नाही’ असं ऐकावं लागलं, तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ चा आधार घ्या: दखलपात्र गुन्ह्याची माहिती हद्द न पाहता कोणत्याही थान्यात नोंदवता येते.

तक्रारीत खरं लिहा. लाजेपोटी ‘माझा फोन हॅक झाला, आपोआप पैसे गेले’ असं लिहिणारे बरेच असतात. बँक लॉग काढते, तुमच्याच फोनवरून तुमच्याच पिनने झालेले पन्नास व्यवहार दाखवते, आणि मग खऱ्या भागावरही कुणी विश्वास ठेवत नाही. अनधिकृत व्यवहारांत ग्राहकाची जबाबदारी शून्य किंवा मर्यादित ठरवणारा रिझर्व्ह बँकेचा नियम अशा वेळी उपयोगी पडत नाही, कारण पिन तुम्हीच टाकलेला असतो. ‘साइटने खोटं आश्वासन देऊन पैसे घेतले आणि परत देत नाही’, एवढं सरळ लिहिलं तरी फसवणुकीचा गुन्हा, भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८, त्यात बसू शकतो.

खातं गोठलं तर

सर्वांत जास्त गोंधळ इथे होतो. तुम्ही कॅसिनोतून आठ हजार काढले. ते आले ते कुणा अनोळखी खात्यातून, आणि त्या खात्यात ते हैदराबादच्या एखाद्या आजोबांना फसवून आलेले होते. आजोबांनी १९३० वर तक्रार केली. पैशांचा माग काढत पोलीस तुमच्या खात्यापर्यंत पोचले आणि बँकेने खातं अडवलं. तुम्हाला कळतं ते दुकानात कार्ड चाललं नाही तेव्हा.

शाखेत जाऊन भांडू नका, मॅनेजरच्या हातात फारसं काही नसतं. त्याच्याकडून लेखी चार गोष्टी मागा: तक्रारीचा पोच क्रमांक, कोणत्या राज्यातलं कोणतं थाना, वादातली नेमकी रक्कम आणि व्यवहार कोणता, आणि पूर्ण खातं गोठवलं आहे की तेवढ्याच रकमेवर लीन (रक्कम अडवून ठेवण्याची नोंद) लावला आहे. शेवटचं फार महत्त्वाचं. आठ हजारांसाठी एक लाख चाळीस हजारांचं खातं बंद असेल, तर लीन आठ हजारांपुरता करावा, असा अर्ज बँकेला आणि तपास अधिकाऱ्याला दोघांना द्या. वादातल्या रकमेपुरतीच अडवणूक असावी असं केरळसह काही उच्च न्यायालयांनी सांगितलं आहे. अर्जात तेही लिहा.

तपास अधिकाऱ्याला ईमेलने आपलं म्हणणं, ओळखपत्र, स्टेटमेंट आणि तो तक्ता पाठवा. ते पैसे कशाचे हे लपवू नका. विचारणा झाली की ‘मित्राने उधार परत केले’ म्हणणारा दुसऱ्या दिवशी त्या मित्राचं नाव सांगू शकत नाही, आणि साक्षीदाराचा आरोपी व्हायला तेवढं पुरतं. वादातली रक्कम सोडून द्यायची तयारी असेल तर तसं लिहून द्या. बरीच प्रकरणं तिथेच मिटतात. अडवलेली रक्कम परत मिळवायची असेल तर संबंधित दंडाधिकाऱ्यांकडे नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५०३ खाली अर्ज करता येतो. बँक काही उत्तरच देत नसेल तर ३० दिवस थांबून रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करा. माहितीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे. पण लोकपाल पोलिसांचा आदेश रद्द करू शकत नाही, तो फक्त बँकेच्या कारभारापुरता. पूर्ण खातं महिनोन् महिने बंद असेल तर उच्च न्यायालयाचा रस्ता, आणि त्यासाठी जबलपूरला जावं लागत नाही. खंडपीठ इंदुरातच आहे.

एक याच्याही पुढची गोष्ट. इंदुरातल्या भंवरकुव्याच्या कोचिंगसाठी बाहेरगावाहून येऊन राहणाऱ्या मुलांना ‘खातं उघडून पासबुक, एटीएम कार्ड आणि सिम दे, महिन्याला पाच हजार घे’ असं कुणी सांगितलं, तर ते खातं नेमकं याच कामासाठी हवं असतं. तिथे तो मुलगा ‘खेळणारा’ राहत नाही, पैसे फिरवणारा ठरतो. घरात कॉलेजचा मुलगा-मुलगी असेल तर हे त्याच शब्दांत सांगा. आपल्या नावावर किती सिम चालू आहेत हे सरकारच्या ‘संचार साथी’ या संकेतस्थळावर पाहता येतं. अनोळखी नंबर दिसला तर तिथूनच कळवा.

कर

ऑनलाइन खेळांतून झालेल्या निव्वळ कमाईवर ३० टक्के आणि त्यावर ४ टक्के उपकर. वर्षाचं उत्पन्न करपात्र मर्यादेच्या खाली असलं तरी हा लागतो. निव्वळ म्हणजे ढोबळमानाने वर्षात काढलेले वजा भरलेले. वीस हजार भरून ऐंशी हजार काढले, तर साठ हजारांवर अठरा हजार, अधिक सातशे वीस उपकर. पन्नास भरून चाळीस काढले, तर कमाईच नाही, कर नाही. पण तो दहा हजारांचा तोटा पगारातून किंवा दुकानाच्या नफ्यातून वजा होत नाही. आयटीआर-१ हा साधा फॉर्म इथे चालत नाही. पैसे क्रिप्टोतून आले असतील तर त्याच्या विक्रीचा ३० टक्क्यांचा हिशेब आणखी वेगळा. साइट बेकायदा होती म्हणून उत्पन्न दाखवायचं नाही, असं नसतं. बेकायदा उत्पन्नावरही कर लागतो, आणि बँकेतली जमा विभागाला दिसतेच.

मोबाईल आणि माणूस

रक्कम निघाली किंवा सोडून दिली, की ॲप पुसण्याआधी सेटिंगमध्ये जाऊन त्याच्या परवानग्या काढा, विशेषतः एसएमएस, संपर्क आणि ॲक्सेसिबिलिटी. ही ॲप प्ले स्टोअरच्या बाहेरून एपीके फाइलने आलेली असतात आणि ओटीपी वाचत बसू शकतात. यूपीआय ॲपमध्ये ‘ऑटोपे’ उघडून अनोळखी मँडेट (खात्यातून आपोआप पैसे कापायची परवानगी) रद्द करा. पिन बदला. कार्डावर आंतरराष्ट्रीय व्यवहार बँकेच्या ॲपमधून बंद ठेवा. ज्या टेलिग्राम आणि व्हॉट्सॲप गटांतून ‘आयडी’ येतात ते नुसते म्यूट न करता सोडा आणि रिपोर्ट करा.

रक्कम फेडण्यासाठी झटपट कर्जाची ॲप घेतली असतील, तर ती कोणती आणि किती, हे एकाच कागदावर लिहून घरातल्या एका माणसाला दाखवा. कोणाला दाखवायचं ते नीट निवडा. बाबांपेक्षा काका किंवा मोठी बहीण बरी पडते, असं मी पाहिलंय. पैसे गेल्यावरही रात्री हात ॲपकडे जात असेल, तर तो नुसता बेशिस्तपणा नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत जुगाराचा विकार नोंदलेला आहे आणि त्यावर उपचार होतात. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतसेवेचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो आणि फुकट आहे. समोरासमोर बोलायचं असेल तर एम. वाय. रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात किंवा बाणगंगेच्या शासकीय मानसिक रुग्णालयात जा. सोबत कर्जाचा तो कागदही घेऊन जा, म्हणजे डॉक्टरांना पहिल्याच भेटीत अंदाज येतो.